गिअरबॉक्सचा कौल

आरे कॉलनीतल्या चढावर गाडी थांबली तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. थांबली म्हणणंही तसं बरोबर नाही. इंजिन चालू होतं, उलट नेहमीपेक्षा जास्तच बोंबलत होतं, पण चाकं त्याचं ऐकत नव्हती. मी अॅक्सिलरेटर दाबत होते आणि गाडी हळूहळू मागे सरकत होती. मागे दुधाचा टेम्पो. त्याने हॉर्नवर ठेवलेला हात काढलाच नाही. मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, गिअरचा दांडा पुढे-मागे फिरवून पाहिला. पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, सगळं एकच झालं होतं.

तबेल्यातले दोन जण धावत आले. त्यातला एक खिडकीत वाकून म्हणाला, "मॅडम, तुम्ही उतरा ना खाली, गाडी हलकी होईल."

"मी उतरणार नाही. मी स्टिअरिंग सांभाळते, तुम्ही ढकला."

तो दुसऱ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. महाराणीसारखी आत बसून मी दोन घामाघूम माणसांकडून गाडी कडेला लावून घेतली. माझ्या डाव्या पायात मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आहे, दीड वर्षांची असताना झालेल्या पोलिओची देणगी. चढावर, ओल्या मातीत, अनोळखी माणसांसमोर त्या पायावर उतरण्यापेक्षा मला उद्धट ठरणं परवडतं. माझा हा स्वभाव चांगला नाही, पण तो आहे.

ती गाडी माझ्यासाठी काय होती ते सांगायला हवं. पांढरी, छोटी, तेरा वर्षांची, दोन्ही बंपर खरचटलेले. पण ऑटोमॅटिक. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काही कामच नाही. मी बोरिवलीला राहते आणि मरोळच्या एका शाळेत गणित शिकवते. गाडी येण्याआधी मी या दोन जागांच्या मधला रस्ता कुणाच्या ना कुणाच्या हाताला धरून काढला होता. गाडी आली आणि मी एकटी निघायला लागले, एकटी पोचायला लागले. खिडकीतून मी इतर कुठल्याही बाईसारखीच दिसायचे. सिग्नलला कुणाशी भांडण झालं तर तो माणूस माझ्याशी बरोबरीने भांडायचा, दया करायचा नाही. त्या भांडणांची मला फार मजा वाटायची.

गाडी ओढून बोरिवलीच्या गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिक दहा वर्षांपासूनचा. मी गेले की हॉर्न वाजवायचे, तो खिडकीशी यायचा, तिथेच बोलणं व्हायचं. त्याने दुपारी माझ्या नवऱ्याला फोन करून निकाल सांगितला. गिअरबॉक्स गेला. आतलं तेल काळंठिक्कर झालंय आणि त्याला करपलेल्या फोडणीसारखा वास येतोय.

माझा नवरा बँकेत आहे. त्याला कुणी काही सांगितलं की तो ते जसंच्या तसं, अनुक्रमाने पोचवतो. संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन त्याने मला चार वाटा सांगितल्या. कंपनीचा नवा गिअरबॉक्स, जो आजच्या या गाडीच्या किमतीपेक्षा महाग. भंगारात गेलेल्या गाडीतून काढलेला, गोवंडीला मिळतो, पण त्याची खात्री कुणी देत नाही. आपलाच उघडून आतल्या जळलेल्या प्लेटा बदलणं, पण आत किती जळलंय ते उघडल्याशिवाय कळणार नाही.

"आणि चौथं म्हणजे," तो म्हणाला, "मॅन्युअल करून टाका म्हणतो. साध्या गिअरचे पार्ट कुठेही मिळतात. सगळ्यात टिकाऊ तेच."

"क्लच कोण दाबणार? तू?"

त्याने कप खाली ठेवला. "अगं, तो म्हणाला तेवढं सांगितलं मी."

त्या रात्री आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दहा वर्षं गाडीत बसूनच बोलल्यामुळे मेकॅनिकला माझा पाय ठाऊकच नव्हता, त्याचं मी समजू शकत होते. पण नवऱ्याने ते वाक्य उच्चारलं आणि उच्चारताना त्याच्या जिभेला ते कुठे अडखळलं नाही. गाडी इतकी बिनबोभाट चालत होती की माझा पाय घरातल्यांच्याही लक्षातून गेला होता. खरं तर हेच तर मला हवं होतं, इतकी वर्षं. मग राग कशाचा आला, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसरी गाडी घ्या, असं वाचणाऱ्याला वाटेल. आमची इमारत पुनर्विकासाला गेलेली, आम्ही भाड्याच्या घरात, आणि ताबा मिळेपर्यंत मोठं काही करायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलेलं. ताब्याची तारीख दर गणपतीला पुढच्या गणपतीवर जात होती.

मग रिक्षाचे दिवस सुरू झाले. पहाटे बोरिवलीहून मरोळला यायला रिक्षावाले तयार नसत, आणि जो तयार होई तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहून मला हात करी. मी रस्ता ओलांडेपर्यंत त्याचा विचार बदललेला असे. चौथ्या दिवशी मी पहिल्या तासाला वीस मिनिटं उशिरा पोचले. मुख्याध्यापिका बाई स्वतः वर्गावर उभ्या होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी मला बोलावलं, खुर्ची ओढून दिली, आणि फार प्रेमाने म्हणाल्या, "तुमची ओढाताण बघवत नाही हो. यंदा परीक्षा विभागाचं काम घेता का? मार्क भरायचे, निकाल लावायचे. बरंचसं घरून होईल. वर्ग काय, दुसरं कुणी बघेल."

मी "बघते" म्हटलं आणि बाहेर येऊन भिंतीला धरून उभी राहिले. त्या रागावल्या असत्या तर मी निभावून नेलं असतं. हे प्रेमाने बोलणं किती लवकर सवयीचं होतं ते मला माहीत आहे. आज वर्ग, मग शाळा, मग घराचा उंबरा. गिअरबॉक्सचं काय करायचं ते महिन्याभरात ठरलं नाही, चुकीचं ठरलं, किंवा बरोबर ठरून पुन्हा एखाद्या चढावर फसलं, तर माझा वर्ग जाणार होता. रोज रात्री मी चार वाटांची गणितं मांडायचे आणि सकाळी ती खोडायचे. मुलांना मी सांगते, माहिती अपुरी असेल तर उदाहरण सुटत नाही, असं उत्तर लिहा. इथे तसं लिहून चालणार नव्हतं.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथल्या सल्लागाराने गाडीचं वय विचारलं आणि आवाज एकदम हळू केला. "मॅडम, खरं सांगू? आता ही गाडी ठेवू नका." दवाखान्यात बोलतात तसं बोलला. मी फोन आपटला. मोबाइल आपटण्यात तशी मजा नाही.

आई घाटकोपरला राहते, वडील गिरणीत होते तेव्हापासूनच्या चाळीत. तिला मी गाडीबद्दल सांगितलं होतं, आणि बोलता बोलता चारही वाटा सांगितल्या होत्या, चौथी चिडून. दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"अगो, उजवो कौल दिल्यान! हातगिअरची करून घे. देवाचो होकार आसा."

आमच्या गावी, खाली कोकणात, काही ठरत नसलं की देवाला विचारतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न सांगायचा, आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्नं, विहिरी, जमिनीचे वाद, सगळं त्या पाकळ्यांवर ठरलेलं मी ऐकलंय. गिअरबॉक्ससाठी कौल लावणं मात्र आमच्याच घरात घडलं असेल. आईने मामाला फोन केला होता आणि मामा सकाळी आंघोळ करून देवळात जाऊन उभा राहिला होता.

"आई, मामाला तू नेमकं काय विचारायला सांगितलंस?"

"सांगितलंय, भाचयेची गाडी बंद पडली, हातगिअर घातलो तर लाभात काय, ता इचार."

"आणि पायाचं?"

"पायाचा काय?"

"क्लच दाबायला डावा पाय लागतो, हे देवाला सांगितलंस का?"

तिने फोन ठेवला. आईने आयुष्यात माझा फोन मध्येच ठेवला नव्हता.

रविवारी रिक्षा करून मी घाटकोपरला गेले. रागातच गेले. कॅलिपर अडकवत दोन जिने चढले. आई दारातच उभी होती, आणि तिचे डोळे बघून माझी अर्धी तयारी वाया गेली. तिने मला पाणी दिलं, कॉटवर बसवलं, आणि माझ्या सलवारीचा पाय कॅलिपरवरून खाली ओढून नीट केला. हे ती मी चार वर्षांची असल्यापासून करते. कुणी आलं की आधी पाय झाकायचा, मग बोलायचं. त्या दिवशी तर घरात आम्ही दोघीच होतो.

मग तिने सांगितलं. मी आजारी पडले तेव्हा ती गावच्या देवाला नवस बोलली होती, पोरगी चालायला लागली की चांदीचा पाय वाहीन. वर्षं गेली. मी कॅलिपर घालून चालायला लागले, पण त्याला चालणं म्हणायला तिचं मन घेईना. नवस तसाच राहिला. मग मी गाडी घेतली, एकटी शाळेत जायला लागले. त्या वर्षी ती गावाला गेली, चांदीचा पाय घडवून नेला आणि देवाला वाहिला. बारावीनंतर मी गावाला फिरकले नव्हते, त्यामुळे तिथे विचारणारं कुणी नव्हतं. पोरगी बरी होऊन चालायला लागली, असं तिने मामालाही सांगितलं.

"म्हणजे देवाला खोटं सांगितलंस."

"खोटा कित्याक? गाडी चलवतंस म्हणजे चलतंसच मा!"

मला हसूच आलं. मालवणीत हे वाक्य इतकं सरळ बसतं की त्यात चूक काढता येईना. पण ती हसत नव्हती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं.

"आता देवान ता परत घेतल्यान. म्हणान गाडी बंद पडली. माझ्यामुळे झाला ह्या." आणि मग, अगदी हळू, "माका वाटला, हातगिअर घातलो आणि तुझो पाय पडलो त्येच्यार, तर माझा खोटा तरी खरा होईत."

मी इतके दिवस चार वाटा मोजत होते. आई बसल्या जागी पाचवी, आपल्या खोट्याची, मोजत होती, आणि ती तिला माझ्यापेक्षा जास्त छळत होती. मला तिची कीव आली, आणि रागही आला, दोन्ही एकदमच. मग मी माझ्या वर्गातल्या आवाजात बोलले. "मग उदाहरण पुन्हा मांड. दिलेली माहिती पूर्ण दे. लाव मामाला फोन."

मामा देवळाजवळच राहतो. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला, स्पीकरवर. देवळातला घुमणारा आवाज, कुठेतरी बादलीवर कडी आपटल्याचा आवाज. यावेळी प्रश्न मी सांगितला होता: आपलाच गिअरबॉक्स दुरुस्त करावा तर उजवा, दुसऱ्या गाडीचा बसवावा तर डावा. मामाने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, मुंबैक असलेली तुझी लेकरा आज तुझ्या पायाकडे इलेली आसत..."

"होय म्हाराजा," आई म्हणाली. कॉटवर बसल्या बसल्या तिने हात जोडले होते.

"फुडे काय सांगू गो?" मामाने विचारलं.

आईने फोन तोंडाजवळ घेतला. "सांग त्येका. माझ्या चेडवाचो डावो पाय चलना नाय. तेव्हाय चलत नव्हतो, आताय चलना नाय. मी चुकीचा सांगितलंय. त्येची शिक्षा तिच्या गाडयेक नको."

मी बाहेर गॅलरीतल्या दोरीवरच्या कपड्यांकडे बघत राहिले. माझा पाय चालत नाही, हे वाक्य आईच्या तोंडून मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांकडेसुद्धा ती "थोडो लंगडता" म्हणायची. मामाने ते सगळं शब्दाला शब्द देवाला सांगितलं आणि आम्ही थांबलो.

पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. पाकळी पडेना. ना उजवी, ना डावी. मामा खोकला, पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा थांबला. शेवटी म्हणाला, "पडणत नाय गो. देव बोलना नाय आज."

"रागावलो," आई म्हणाली.

"रागावला नाही. त्याला ऑटोमॅटिक कळत नसेल." मी उठले. "चल, गोवंडीला जाऊन येऊ. आपण आपल्या डोळ्यांनी बघू."

मेकॅनिकने पत्ता दिला होता. त्यासाठी मी आदल्या दिवशी पहिल्यांदाच रिक्षाने त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन, उतरून, चालत त्याच्यापर्यंत गेले होते. तो माझ्या पायाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सॉरी ना मॅडम, मॅन्युअलचं उगाच बोललो." मग त्याने एक गोष्ट शिकवली. जुना गिअरबॉक्स घेताना आधी तेल बघा. तेलावरून आतलं दुखणं कळतं.

गोवंडीच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्यांचे सुटे अवयव रचलेले. दरवाजे, सीटा, आरसे. दुकानदाराने आमच्या गाडीला बसणारा गिअरबॉक्स लगेच बाहेर काढला. चांदीसारख्या रंगाने रंगवलेला, चकचकीत.

"एकदम चालू माल है, मॅडम."

मुंबईत चालू या शब्दाचे किती अर्थ होतात ते त्याला मी समजावणार नव्हते. मी वाकून तेलाची नळी पाहिली. आत टिपूसही नव्हता, पुसून कोरडी केलेली. तेल कुठे गेलं विचारलं तर म्हणे, ट्रान्सपोर्टमध्ये काढावं लागतं. कुठल्या गाडीचा? अपघाताच्या. पाण्यात बुडालेली नव्हती ना? छे छे. किती चालली होती? कम ही चली थी. प्रत्येक उत्तर तयार होतं. माझा निर्णय होत नव्हता. हा घेतला तर चार दिवसांत मी पुन्हा माझ्या गाडीत असेन. वर्ग वाचेल. मी "बसवून द्या" म्हणणारच होते.

तेवढ्यात आई पुढे झाली. तिने माझी सलवार गुडघ्याशी चिमटीत धरली आणि वर उचलली. भर रस्त्यात. कॅलिपरच्या पट्ट्या उन्हात लखलखल्या.

"इसका पाय चलता नहीं," आई तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली. "गाडी बंद पडेगी तो ये रस्ते पे रहेगी. अब सच्ची बोल. कैसा है ये?"

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिचा हात झटकावा असं वाटलं, आणि मी झटकला नाही. दुकानदाराने पायाकडे पाहिलं, मग आईकडे. हातातल्या फडक्याने उगाचच गिअरबॉक्स पुसला.

"मांजी," तो म्हणाला, "आपका वाला ही खुलवा लो. मेरे को भी नहीं मालूम इसके अंदर क्या है."

आम्ही आमचाच उघडला. मानखुर्दला एक माणूस फक्त ऑटोमॅटिकचेच गिअरबॉक्स दुरुस्त करतो, त्याच्याकडे. प्लेटा जळल्या होत्या, पण आतली दातेरी चाकं शाबूत निघाली. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी रोज पहिल्या तासाला वेळेवर पोचले, कारण रोज पावणेपाचला उठले. मुख्याध्यापिका बाईंना मी सांगितलं की परीक्षा विभाग मला नको. कारण विचारलं तर म्हटलं, "मला मार्क भरायला आवडत नाही, मला वर्गात मुलांच्या चुका पकडायला आवडतं." त्या हसल्या आणि मग सोडून दिलं.

गाडी आता चालते. किती दिवस चालेल ते मानखुर्दच्या माणसानेही सांगितलं नाही. रोज सकाळी दांडा ड्राइव्हवर टाकला की गिअर धरेपर्यंत एक क्षण जातो, आणि त्या क्षणात मी आरशात मागे कुणी आहे का ते बघते. तेरा वर्षं तो क्षण होता की नव्हता, मला आठवत नाही. बहुतेक असावा. मी लक्ष दिलं नव्हतं.

आईचा फोन रोज संध्याकाळी येतो. इतकी वर्षं ती एवढंच विचारायची, "पोचलंस?" मी म्हणायचे, "पोचले." गाडी परत आल्याच्या पहिल्या संध्याकाळी तिने ते विचारलं नाही.

"पाय दुखता काय गो तुझो?"

"नाही गं," मी म्हटलं, आणि ठेवला फोन. बुटाचे पट्टे सोडले. गुडघ्याखाली पट्ट्यांचे लाल वळ उठले होते, रोज उठतात तसेच. थोडा वेळ त्यांच्याकडे बघत बसले. मग मी पुन्हा फोन लावला.

"आई, दुखतो," मी म्हटलं. "रोज दुखतो."